विश्लेषण : कॉलेजचा खेळाडू निघतो तेव्हा टाळ्या किती आणि शिदोरी किती?

शेवटच्या वर्षाची परीक्षा संपते, कॉलेजच्या संघातला सर्वांचा लाडका खेळाडू मैदान सोडतो आणि चाहते त्याचे कौतुक करताना थकत नाहीत. अमेरिकेत यासाठी खास दिवस असतो, आपल्याकडे फेटा आणि हलगी असते. पण चाहते नेमकी कशाला दाद देतात, खेळाला की स्वभावाला? आणि निरोपानंतर त्या खेळाडूचे काय होते? कोल्हापूरच्या एका कॉलेजात घडलेल्या मल्लाची गोष्ट या प्रश्नांची उत्तरे देते.

हा विषय माळशिरसमध्ये का निघतो?

दरवर्षी उन्हाळ्यात माळशिरस, अकलूज, नातेपुते, वेळापूर या पट्ट्यातल्या मैदानांवर एक दृश्य दिसते. तीन वर्षे कॉलेजसाठी खेळलेला मुलगा किंवा मुलगी शेवटचा सामना खेळून बाहेर येते. कुणी फेटा बांधतो, कुणी नारळ देतो, हलगी वाजते. रात्रीपर्यंत प्रत्येकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर तोच फोटो असतो. खाली लिहिलेले असते, ‘असा खेळाडू पुन्हा होणे नाही.’

दुसऱ्या दिवसापासून त्या खेळाडूसमोरचे प्रश्न वेगळे असतात. सरावाला मैदान कुठे मिळणार? खुराकाचा खर्च कोण करणार? भरती निघेपर्यंत घर कसे चालणार? कॉलेजच्या ओळखपत्राची मुदत संपली की मैदान, प्रशिक्षक आणि प्रवासभत्ता या तिन्ही गोष्टी एकदम सुटतात.

याच तालुक्यात निरोपाची आणखी एक जुनी रीत आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत पंढरपूरकडे जाते. सदाशिवनगर आणि खुडूसला रिंगण होते. पालखी निघते तेव्हा लोक हात जोडून वेशीपर्यंत जातात, पण त्याआधी दिंड्यांना जेवू घातलेले असते. वाटेवरच्या माणसाच्या हातात काहीतरी ठेवल्याशिवाय त्याला पुढे पाठवायचे नाही, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. खेळाडूंच्या बाबतीत ही रीत आपण पाळतो का, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेतला ‘सीनियर डे’ काय असतो?

कॉलेजच्या खेळाडूला निरोप देण्याची सर्वांत गाजलेली प्रथा अमेरिकन फुटबॉलमध्ये आहे. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यात लांबट चेंडू हातात घेऊन धावतात, फेकतात आणि समोरच्याला अंगावर झेप घेऊन अडवतात. तिथल्या अनेक शहरांत विद्यापीठाचा संघ हाच गावाचा संघ असतो आणि मोठ्या विद्यापीठांच्या स्टेडियममध्ये लाखभर माणसे बसतात.

हंगामातल्या घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला ‘सीनियर डे’ म्हणतात. सामना सुरू होण्याआधी शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंची नावे एकेक करून पुकारली जातात. खेळाडू आई-वडिलांसोबत मैदानात येतो आणि प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात.

टिम टीबो हे याचे ठळक उदाहरण. फ्लोरिडा विद्यापीठाच्या या खेळाडूला २००७ मध्ये कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मानला जाणारा हाइझमन पुरस्कार मिळाला. २००८ च्या हंगामात त्याचा संघ मिसिसिपीविरुद्ध एका गुणाने हरला. सामन्यानंतर टीबोने चाहत्यांची माफी मागितली आणि यापुढे आपल्याइतकी मेहनत करणारा दुसरा कुणी दिसणार नाही, असा शब्द दिला. त्या हंगामाचे विजेतेपद फ्लोरिडाने मिळवले. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये तो घरच्या मैदानावर शेवटचा सामना खेळला आणि २०११ मध्ये स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला.

पण स्टेडियमच्या भिंतीवर विद्यापीठाने कोरून ठेवले ते पराभवानंतरचे त्याचे ते बोलणे. पुरस्कार खेळाचा होता, भिंतीवरची अक्षरे मात्र स्वभावाची आहेत. निघून जाणाऱ्या खेळाडूबद्दल बोलताना चाहते गुणफलकापाशी थांबत नाहीत, ते हरल्यावर तो कसा वागला हेही लक्षात ठेवतात.

महाराष्ट्रात असा निरोप कुणाला मिळाला?

आपल्याकडे याहून मोठी गोष्ट त्याच्या कितीतरी आधी घडली. तिचे नायक खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६, गाव सातारा जिल्ह्यात कराडजवळचे गोळेश्वर. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते आणि पाच भावांत खाशाबा धाकटे. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाली. १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्यात आणि त्यांची पत्रे पोहोचवण्यात शाळकरी खाशाबांचा सहभाग होता.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. कॉलेजच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत कुस्तीसाठी नाव नोंदवायला ते क्रीडा शिक्षकांकडे गेले. उंची जेमतेम साडेपाच फुटांच्या आसपास, अंगकाठी किरकोळ. हा मुलगा काय कुस्ती खेळणार, असे वाटून शिक्षकांनी नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांच्याकडे गेले. खर्डेकरांनी परवानगी दिली आणि या बारक्या मुलाने आपल्यापेक्षा धिप्पाड मल्लांना चितपट केले. कॉलेजला आपला हिरो सापडला तो असा.

बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांनी त्यांना घडवले. प्रतिस्पर्ध्याची मान पकडून त्याला फेकायचा ढाक हा डाव त्यांच्या हातखंड्याचा. चपळाई एवढी, की पुढे ‘पॉकेट डायनॅमो’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा प्रवासखर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. लाल मातीत वाढलेला हा मल्ल तिथे मॅटवर उतरला, नियम वेगळे, प्रतिस्पर्धी अनोळखी. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. त्या काळात भारतीय मल्लासाठी ही मोठीच मजल होती. घरी परतले ते पुढच्या चार वर्षांची तयारी डोक्यात घेऊनच.

१९५२ मध्ये अडचण कुठे आली?

पहिली अडचण निवडीची. मद्रासला झालेल्या स्पर्धेत आपला एक गुण मुद्दाम कमी केला गेला, अशी खाशाबांची तक्रार होती. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी क्रीडाप्रेमी पतियाळा महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा चाचणीची संधी मिळाली आणि त्यांनी प्रतिस्पर्ध्याला आस्मान दाखवून संघातली जागा मिळवली.

दुसरी अडचण पैशाची होती आणि ती जास्त अवघड होती. संस्थाने विलीन झाली होती, त्यामुळे राजाश्रय संपला होता. हेलसिंकीला जायचे तर खर्च स्वतः उभा करायचा. सरकारदरबारी केलेल्या विनवण्यांमधून पुरेसे काही हाती लागले नाही. मग गोळेश्वर आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. घरोघर फिरून पैसे गोळा झाले, पण रक्कम पुरेना.

तेव्हा खर्डेकर पुढे आले. कॉलेजात एकदा ‘खेळ’ म्हणून परवानगी देणाऱ्या या माणसाने आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार. शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी एवढी जोखीम घेतल्याची दुसरी उदाहरणे शोधावी लागतील.

इथे थोडे थांबून विचार करायला हवा. खर्डेकरांकडे पदकाची हमी नव्हती. कुस्तीत एका क्षणाची चूक झाली की सगळे संपते. म्हणजे त्यांनी घर लावले ते पदकाच्या आशेवर कमी आणि त्या मुलाच्या स्वभावावरच्या विश्वासावर जास्त.

हेलसिंकीत काय घडले?

फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट, म्हणजे ५७ किलो गटात खाशाबा उतरले. कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचा लिओनार्डो बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ यांना त्यांनी हरवले. जपानचा शोहाची इशिई आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव यांच्याकडून मात्र ते हरले. इशिईला सुवर्ण मिळाले, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य.

या स्पर्धेची एक हळहळ आजही कुस्तीच्या वर्तुळात सांगितली जाते. इशिईबरोबरची लढत पंधरा मिनिटांहून अधिक चालली. ती संपताच त्यांना पुढच्या लढतीसाठी बोलावले गेले. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवी, असा नियम होता. पण तो दाखवून द्यायला त्या वेळी भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा पुन्हा मॅटवर उतरले आणि ती लढत हरले.

२३ जुलै १९५२ या दिवशी स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक मिळाले. त्यानंतर दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला ४४ वर्षे थांबावे लागले. ते लिअँडर पेसने १९९६ मध्ये अटलांटात टेनिसमध्ये जिंकले. कुस्तीतले पुढचे पदक तर थेट २००८ मध्ये सुशीलकुमारने आणले. महाराष्ट्राच्या मातीतल्या दुसऱ्या वैयक्तिक पदकाला ७२ वर्षे लागली. २०२४ मध्ये पॅरिसला ते पटकावणारा नेमबाज स्वप्नील कुसाळेही कोल्हापूर जिल्ह्यातलाच.

परतल्यावर लोकांनी काय केले?

खाशाबा कराडला उतरले तेव्हा त्यांच्या स्वागताला १५१ बैलगाड्या सजून आल्या होत्या. ढोल वाजत होते, गावे रस्त्यावर आली होती. एरवी पाव तासात संपणाऱ्या वाटेला त्या मिरवणुकीत सात तास लागले, अशी आठवण सांगितली जाते. ज्यांनी चार-चार आणे वर्गणी दिली होती त्यांना हे पदक परके वाटण्याचे कारणच नव्हते. त्या धातूत त्यांचाही वाटा होता.

पण चाहत्यांनी पिढ्यान् पिढ्या सांगावी अशी गोष्ट मिरवणुकीनंतरची आहे. हार-तुरे उतरल्यावर खाशाबांना गहाण पडलेले घर आठवले. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली. स्वतः लढले, जिंकले आणि जमलेल्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवून दिले. ऑलिंपिक पदकविजेता मल्ल कर्ज फेडण्यासाठी पुन्हा लाल मातीत उतरला. पदक डब्यात ठेवून तो पुन्हा लंगोट कसून उभा राहिला.

मग दाद खेळाला की स्वभावाला?

दोन्हींना. पण त्यांची कामे वेगळी आहेत. ढाक मारण्याची ताकद खाशाबांना गोळेश्वरहून हेलसिंकीपर्यंत घेऊन गेली. तिच्याशिवाय कुणी त्यांचे नाव घेतले नसते. घर सोडवण्याचा स्वभाव त्यांना लोकांच्या मनात ठेवून गेला. त्याच्याशिवाय ते विक्रमांच्या यादीतले एक नाव उरले असते.

स्वभाव म्हणजे केवळ नम्रपणा, असा एक गैरसमज असतो. नकार मिळाल्यावर प्राचार्यांचे दार ठोठावणारा, निवडीतल्या अन्यायाविरुद्ध थेट महाराजांकडे जाणारा हा मुलगा मुकाट मान खाली घालणारा नव्हता. हक्कासाठी भांडायचे आणि उपकाराची फेड करायची, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या. आपल्या गावातल्या खेळाडूला ‘मुलगा फार गुणी आहे, कधी काही मागत नाही’ असे म्हणताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

तरीही खाशाबांचा विसर कसा पडला?

गोष्टीची ही बाजू कडू आहे. १९५५ मध्ये ते मुंबई पोलिसांत फौजदार म्हणून रुजू झाले. पोलीस दलातही कुस्ती गाजवली, मुलांना शिकवले, सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. त्यानंतर निवृत्तिवेतनासाठी झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, म्हणजे मृत्यूनंतर दीड दशकाने. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

गावाने वेळेवर दिले, व्यवस्थेने उशिरा. म्हणूनच निरोपाचा प्रश्न भावनेवर सोडून चालत नाही. खर्डेकरांसारखा माणूस प्रत्येक कॉलेजला लाभेल, असे गृहीत धरून धोरण आखता येत नाही.

आजच्या खेळाडूची वाट किती बदलली?

बरीच. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. विद्यापीठांच्या खेळाडूंसाठी २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा होतात. अमेरिकेत तर २०२१ पासून कॉलेजचे खेळाडू शिकत असतानाच जाहिरातींतून पैसे कमावू शकतात, त्यामुळे चांगला खेळाडू कॉलेजच बदलून जाण्याचे प्रमाण तिथे वाढले आहे. शेवटच्या वर्षापर्यंत एकाच संघात राहिलेल्या खेळाडूचे कौतुक आता तिथे अधिकच होते, त्यामागे हेही एक कारण आहे.

आपल्या तालुक्यापुरते बोलायचे तर वेळापूरचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. अर्धनारी नटेश्वराच्या मंदिरासाठी ओळखले जाणारे हे गाव खो-खोसाठीही ओळखले जाते. इथला रामजी कश्यप अल्टिमेट खो-खो लीगमध्ये चेन्नई क्विक गन्सकडून खेळला आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या संघात होता. १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यात नेपाळचा पहिला गडी टिपला तो रामजीने, हवेत झेपावून. भारताने तो सामना ५४-३६ असा जिंकला. गावच्या मातीतून निघालेला खेळाडू मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात जगज्जेता होऊ शकतो, हे आता टीव्हीवर पाहिलेले सत्य आहे.

पण एक रामजी पोहोचतो तेव्हा त्याच्याबरोबर खेळलेले कितीतरी जण वाटेतच थांबलेले असतात. बहुतेकांचा खेळ कमी पडलेला नसतो. घरची ओढाताण, दुखापत, प्रवासाचे भाडे, नाहीतर ‘आता पुरे झाले खेळणे’ हे वाक्य, यांपैकी काहीतरी आडवे आलेले असते. मुलींच्या बाबतीत हे वाक्य पदवीच्या आधीच ऐकू येते.

मग निरोप कसा असावा?

फेटा, हलगी, स्टेटस यांत वाईट काही नाही. खेळाडूला ते हवेच असते. वर्षानुवर्षे पहाटे धावल्याचे चीज झाले, हे त्या दिवशी त्याला कळते. फक्त तिथे थांबू नये. घर गहाण टाकण्याची आज गरज नाही, पण काही साध्या गोष्टी कुणालाही जमतात.

• कॉलेज सुटले तरी माजी खेळाडूला मैदान आणि साहित्य आणखी वर्ष-दोन वर्षे वापरू देता येते.

• खेळाची प्रमाणपत्रे नीट जपणे, त्यांची पडताळणी वेळेत करून घेणे यात मुले हमखास मागे पडतात. पाच टक्क्यांतली जागा अनेकदा कागदावर अडते. गावातल्या जाणत्या माणसाने त्यांच्यासोबत एकदा कार्यालयात जावे.

• सत्काराच्या बॅनरचा खर्च वाचवून त्यातून बूट, मॅटचे भाडे किंवा निवड चाचणीचे तिकीट देता येते.

• नोकरी लागलेल्या माजी खेळाडूंनी आठवड्यातून एक संध्याकाळ जुन्या मैदानावर यावे. खाशाबांनी फेडले तसे फेडण्याचा हा आजचा मार्ग.

• आणि खेळाडू हरून आला तरी त्याला घ्यायला एसटी स्टँडवर दोन माणसे असावीत.

शेवटचा मुद्दा बिनपैशाचा आहे, पण सर्वांत जास्त चुकतो तोच. जिंकलेल्याच्या मिरवणुकीला १५१ गाड्या मिळतात. निघताना सोबत कोण होते, हे मात्र खेळाडू जन्मभर विसरत नाही.

यंदाही निकाल लागतील, कुणीतरी मैदान सोडून निघेल आणि तुमच्या मोबाइलवर त्याचा फेटा बांधलेला फोटो येईल. स्टेटस ठेवा, मनापासून ठेवा. मग त्याला एक फोन करा आणि विचारा, ‘पुढे काय ठरवलंयस? काय लागेल?’ शिदोरी बांधायला सुरुवात तिथूनच होते.